तालुक्याचा ऑनलाइन बाजार चालवताय? खोटी पत अशी रोखा

माझं जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. एखादा शेतकरी येऊन विचारायचा, "पाच एचपीची जुनी मोटार आहे का कुणाकडे?" तासाभराने दुसरा येऊन सांगायचा, "माझी पडून आहे, गिऱ्हाईक असलं तर बघा." या दोघांची गाठ घालून द्यायला २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. तेव्हा ग्रुपात २५६ माणसंच मावायची. दोन महिन्यांत तो भरला. मोटारींच्या मागोमाग ठिबकच्या नळ्या, फवारणी पंप, जुने ट्रॅक्टर, केळीची रोपं असं सगळंच यायला लागलं. चोपडा, यावल, रावेर, तापीच्या खालच्या अंगाला शिरपूर. मग खात्रीचा कोण हे कळावं म्हणून गुगल शीटवर यादी केली: विक्रेत्याचं नाव, गाव आणि गिऱ्हाइकांनी दिलेले पाचपैकी स्टार.

त्या यादीनेच घात केला. एक विक्रेता आला. ठिबकचे जॉइनर, ग्रोमेट, एंड कॅप असा चाळीस-पन्नास रुपयांचा किरकोळ माल विकायचा. एकोणीस दिवसांत त्याच्या नावापुढे तेवीस रेटिंग लागली, सगळी पाच स्टार. यादीत तो सगळ्यांत वर. विसाव्या दिवशी त्याने केळीच्या टिश्यू कल्चर रोपांची जाहिरात टाकली: जी-९ जात, निम्मे पैसे आगाऊ. तिघांनी मिळून ४१,००० रुपये पाठवले आणि फोन बंद झाला. तिघांपैकी एक अडावदचा, माझा शाळेतला मित्र. दुकानात येऊन बसला, चहा घेतला, आवाज चढवला नाही. फक्त म्हणाला, "तुनी यादी देखीसन पैसा दिन्हात, भाऊ."

रात्री मी आणि बायको ते तेवीस जण जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरवत बसलो. एकोणीस नंबर त्याच पंधरवड्यात ग्रुपात आलेले, त्यांनी दुसऱ्या कुणाकडून खिळाही घेतलेला नाही. उरलेले चार एकमेकांनाच स्टार देत होते. अकरा जणांनी 'माल एक नंबर क्वालीटी' असं लिहिलेलं आणि अकराही ठिकाणी 'क्वालीटी'ची वेलांटी दीर्घ. बायको म्हणाली, "एकाच हाताने लिहिलंय हे."

हिशेब केला तर ही पत उभी करायला त्याला फार तर हजार-बाराशे रुपये लागले असतील, आणि पैसे आपल्याच माणसांत फिरले असतील तर तेवढेही नाहीत. त्यावर त्याने एकेचाळीस हजार उचलले. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन आकड्यांसाठी आहेत. प्रत्येक लबाड तुम्हाला पकडता येणार नाही, मला तर मुळीच येत नाही. पण खोटी पत उभारायचा खर्च तिच्यातून मिळणाऱ्या कमाईच्या वर नेता येतो. तसं झालं की लबाड दुसरा बाजार शोधतो.

आधी हे जमवा

- ग्रुपसाठी वेगळं सिम. घरचा नंबर देऊ नका, रात्री अकराला फोन येतात.
- गुगल शीट आणि एक जाड रजिस्टर. रजिस्टर लागतंच. शीटमधला आकडा कुणी बदलला तर पटकन कळत नाही, वहीतली खाडाखोड दिसते.
- तीन प्रश्नांचा गुगल फॉर्म. प्रश्न पाचव्या पायरीत दिलेत.
- दोन सहकारी, शक्यतो वेगवेगळ्या गावांचे. एकट्याने चालवलेला बाजार दोन महिन्यांत पक्षपाती ठरतो, तुम्ही कितीही सरळ असलात तरी.
- विक्रेत्याकडून: पूर्ण नाव, गाव-तालुका, मोबाइल नंबर, यूपीआयवर दिसणारं नाव. ट्रॅक्टर किंवा गाडी असेल तर आरसी, मोटार असेल तर असल्यास पक्कं बिल, रोपं असतील तर रोपवाटिकेचा परवाना.

बियाणं आणि कीटकनाशकं ग्रुपवर येऊच देऊ नका. दोन्ही विकायला परवाना लागतो, आणि परवाना असलेल्या दुकानदाराला तुमच्या ग्रुपची गरज नसते.

१. ओळख दारातच पटवा, पण आधार गोळा करू नका

सुरुवातीला आम्ही सगळ्यांकडून आधारचे फोटो मागवले. ही चूक होती. दीडशे माणसांची आधार कार्डं माझ्या फोनच्या गॅलरीत, आणि तो फोन दुकानात दिवसभर कुणाच्याही हाती. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यानंतर तर अशी माहिती जवळ बाळगणं म्हणजे घरात बसून विंचू पाळणं. सगळे फोटो पुसून टाकले.

आता आम्ही दोन गोष्टी करतो. विक्रेत्याला यूपीआयने एक रुपया पाठवतो. पाठवताना बँकेत नोंदलेलं नाव दिसतं, ते त्याने सांगितलेल्या नावाशी जुळतं का बघतो. नाव बायकोचं किंवा मुलाचं निघालं तर विचारतो, नोंद करतो, त्यात काही गैर नाही. दुसरं, मालाचा फोटो मागवतो, पण मालावर चिठ्ठी ठेवून: आजची तारीख, विक्रेत्याचं नाव, आम्ही सांगू तो एक शब्द. 'भरीत', 'शेवगा', काहीही. नेटवरून उचललेल्या फोटोवर अशी चिठ्ठी ठेवता येत नाही. कुणी फोटोत फेरफार करून ठेवलीच तर व्हिडिओ कॉल करायचा आणि मालाभोवती एक चक्कर मारायला सांगायचं. ट्रॅक्टर असेल तर त्याचा नंबर सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर टाकून आरसीशी ताडून बघा.

२. नव्या माणसाला दोन जामीन

आपल्याकडे हे नवीन नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात अनोळखी माणूस घोडा घेऊन उभा राहिला की आधी विचारतात, "कुणाचा माणूस?" मग घोड्याचे दात बघतात.

आमचा नियम असा: नव्या विक्रेत्यासाठी ग्रुपातल्या दोन जुन्या विक्रेत्यांनी हमी द्यायची. हमी म्हणजे नुसतं 'ओळखतो' नव्हे. नव्याने पहिल्या सहा महिन्यांत कुणाला फसवलं तर जामिनांच्या नावापुढेही ते लागतं आणि वर्षभर त्यांना दुसऱ्या कुणाला हमी देता येत नाही. हा नियम आला तेव्हा लोक चिडले. "शेजाऱ्याला नाही कसं म्हणू?" हे मी पन्नास वेळा ऐकलं. मी सांगायचो, माझ्यावर ढकला, म्हणा की ग्रुपचा नियमच तसा आहे.

एक जामीन एका वेळी दोघांपेक्षा जास्त नव्यांची हमी देऊ शकत नाही. ही मर्यादा विसरू नका. आम्ही विसरलो होतो, तेव्हा एकाच माणसाने नऊ जणांना आत आणलं.

जामीन न मिळणारा पण प्रामाणिक नवखाही असतो, परगावाहून शेती करायला आलेला किंवा कुणाशी फारशी ओळख नसलेला. त्याला बाहेर ठेवू नका. त्याने आगाऊ पैसे घ्यायचे नाहीत एवढीच अट घाला: माल दाखवा, हातात द्या, पैसे घ्या.

३. व्यवहार झाल्याशिवाय रेटिंग नाही

व्यवहार पुरा झाला की विकणारा आणि घेणारा, दोघांनी आपापल्या फोनवरून, एकमेकांना न सांगता, रक्कम आणि यूपीआयच्या बारा आकडी संदर्भ क्रमांकातले शेवटचे चार आकडे पाठवायचे. जुळले तरच घेणाऱ्याला फॉर्मची लिंक जाते. रोखीचा व्यवहार असेल तर दोघांनी मालासोबतचा फोटो पाठवायचा.

पैसे भरल्याच्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. खोटे स्क्रीनशॉट बनवणारी अ‍ॅप आहेत आणि गावातली पोरं ती मजेत वापरतात.

या पायरीने हवेतले स्टार थांबतात. दोन भावांनी पन्नास रुपये खरोखर इकडून तिकडे पाठवले तर मात्र ती काही करू शकत नाही. त्यासाठी पुढची पायरी.

४. स्टार मोजू नका, पणाला काय लागलं होतं ते मोजा

सरासरी हा या धंद्यातला सगळ्यांत मोठा चकवा. ४.९ दिसलं की माणूस पुढचं वाचत नाही. आमच्या ठगाचे पाचपैकी पाच होते. बारा वर्षं मोटारी दुरुस्त करून विकणारा एक म्हातारा ४.३ वर होता, कारण त्याने एकदा खराब केबल दिली आणि नंतर बदलूनही दिली.

आम्ही सरासरी काढून टाकली. आता यादीत विक्रेत्यापुढे असं दिसतं:

ठिबक साहित्य: १४ गिऱ्हाईक, ६ गावं, सर्वांत मोठा व्यवहार २,४०० रुपये.
रोपं: अजून व्यवहार नाही.

दोनच ओळी. पण दुसरी ओळ त्या दिवशी यादीत असती तर माझ्या मित्राचे पैसे गेले नसते. जॉइनर विकून कमावलेली पत रोपांना लावायचीच नाही. प्रत्येक मालाची ओळ वेगळी.

सोबत तीन नियम:

- एका गिऱ्हाइकाचं एका विक्रेत्याबद्दलचं मत एकदाच धरायचं. दहा वेळा माल घेतला तर आनंद आहे, पण यादीत तो एकच गिऱ्हाईक.
- विक्रेता आगाऊ रक्कम घेऊ शकतो ती त्याच मालाच्या त्याच्या आजवरच्या सर्वांत मोठ्या पुऱ्या झालेल्या व्यवहाराइतकीच, आणि तीही किमान तीन गावांतली गिऱ्हाइकं झाल्यावर. पन्नास रुपयांचे ग्रोमेट विकून चाळीस हजारांची उडी मारता येत नाही. मधे दोन हजार, पाच हजार, दहा हजार अशा पायऱ्या खरोखर चढाव्या लागतात.
- ज्याने ग्रुपात आजवर एकाच विक्रेत्याकडून माल घेतला आहे, त्याचं मत नोंदवून ठेवायचं पण मोजायचं नाही. दुसऱ्या विक्रेत्याकडून त्याने काही घेतलं की आपोआप मोजायला लागायचं.

तिसरा नियम माझ्या डोक्यातला नाही. मत देणाऱ्याचीच पत किती, त्यावर त्याच्या मताचं वजन ठरवायचं, ही पद्धत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या तिघा संशोधकांनी २००३ मध्ये फाइल वाटपाच्या नेटवर्कसाठी मांडली होती. त्यांचं गणित मोठं आहे. आपल्या तीन-चारशे माणसांना एवढा नियम पुरतो.

५. स्टार काढा, तीन प्रश्न ठेवा

ही गोष्ट मला उमगायला वर्ष लागलं. मोठ्या बाजारपेठांवर दिल्लीचा माणूस सुरतेच्या विक्रेत्याला एक स्टार देतो आणि विसरतो. आपल्याकडे तसं होत नाही. ज्याच्याकडून मोटार घेतली त्याच्या गावात बहीण दिलेली असते. त्याच्याच चुलत्याकडे सोसायटीचं काम अडलेलं असतं. वाईट कुणी लिहीतच नाही. माल फुसका निघाला तरी पाच स्टार, फार तर चार. खोटी पत नेहमी ठग उभी करतो असं नाही, ती भिडस्तपणातूनही उभी राहते. आणि अशा सगळ्या पाच स्टारांच्या गर्दीत ठगाचे पाच स्टार वेगळे दिसत नाहीत.

म्हणून मत मागणं बंद केलं आणि साधी हकीगत विचारायला लागलो:

१) माल सांगितल्यासारखाच होता का? हो / नाही / थोडा फरक होता.
२) ठरलेल्या दिवशी मिळाला का? हो / नाही, किती दिवस उशीर.
३) पुढच्या हंगामात याच माणसाकडून घ्याल का? हो / नाही / सांगता येत नाही.

कुणाची निंदा केल्यासारखं वाटत नाही म्हणून लोक उत्तरं देतात. 'चार दिवस उशीर झाला' हे लिहायला कुणाला संकोच वाटत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं 'सांगता येत नाही' म्हणजे खानदेशी सभ्यतेतलं 'नाही' असं मी धरतो, आणि आजवर फारसा चुकलेलो नाही.

उत्तर न देणारेही मोजा. एखाद्याचे तीस व्यवहार झाले आणि उत्तरं सहाच आली, तर उरलेले चोवीस गप्प का, हे दोघा-तिघांना फोन करून विचारा. फोनवर माणसं बोलतात.

६. दोघांची उत्तरं एकदमच उघडा

विक्रेताही गिऱ्हाइकाबद्दल लिहितो: पैसे वेळेवर दिले का, ठरवून आला नाही का. यात धोका असा की आधी एकाचं दिसलं की दुसरा बदला घेतो, किंवा आधीच सौदा होतो, "तू माझं चांगलं लिही, मी तुझं लिहितो." मोठ्यांनाही हे भोगावं लागलं. ईबे या परदेशी ऑनलाइन बाजारात १९९६ पासून विकणारा आणि घेणारा एकमेकांबद्दल शेरा लिहीत असत. विक्रेता सूड उगवेल या धास्तीने गिऱ्हाइकं वाईट लिहीनात. शेवटी २००८ मध्ये विक्रेत्याचा वाईट शेरा द्यायचा हक्कच कंपनीने काढून घेतला. प्रवाशांना घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने २०१४ मध्ये वेगळा मार्ग धरला: दोघांनी लिहिल्यावर किंवा मुदत संपल्यावरच दोन्ही शेरे उघडायचे.

आम्ही एअरबीएनबीसारखं करतो. गुगल फॉर्मची उत्तरं आमच्याकडे येतात, चौदा दिवसांनी दोन्ही एकत्र यादीत चढतात. फॉर्मच्या सेटिंगमध्ये उत्तरांचा गोषवारा सगळ्यांना दिसेल असा पर्याय असतो, तो बंद आहे ना ते बघा. आमचा पहिले तीन आठवडे चालूच होता.

७. काही माल उशिरा बोलतो

मोटार आठवडाभर चालली की कळतं. रोपांचं तसं नाही. केळीचं रोप हातात आलं तेव्हा हिरवंगार असतं, पाच स्टार लगेच मिळतात. वेगळीच जात मिसळलेली असेल तर ते निसवण झाल्यावर, म्हणजे केळफूल बाहेर पडल्यावर दिसतं, आणि घड कापायला अकरा-बारा महिने लागतात. म्हणून रोपांसाठी तीन वेळा विचारतो: मिळाल्यावर, तीन महिन्यांनी, निसवणीनंतर. यादीत 'रोपं: ८ गिऱ्हाईक, त्यातली ३ निसवणीपर्यंत' असं लिहितो.

सीएमव्ही हा केळीवरचा विषाणूचा रोग, म्हणजे आपल्याकडचा हरण्या, आला की शेतकरी आधी रोपवाल्यावर रागावतो. तो रोग मावा पसरवतो, आजूबाजूच्या काकडीवर्गीय पिकांतूनही येतो. फॉर्ममध्ये 'रोग आला' म्हणून विक्रेत्याची पत उतरवू नका. 'किती रोपं वेगळ्या जातीची निघाली' एवढंच विचारा.

८. महिन्यातून एकदा रिंगण शोधा

पहिल्या रविवारी दुकान बंद असतं तेव्हा आम्ही तिघे बसतो. मोठा कागद घ्या. महिन्यात ज्यांनी ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांची नावं मांडा आणि लिहिणाऱ्याकडून विक्रेत्याकडे बाण काढा. खरा बाजार कागदावर विस्कटलेला दिसतो, बाण कुठूनही कुठेही जातात. खोट्याची आकृती नीटनेटकी असते. एकतर सगळे बाण एकाच माणसाकडे येतात आणि येणाऱ्यांचा दुसरा कुठलाच बाण नसतो. नाहीतर तीन-चार जणांचं बंद रिंगण असतं: अ ने ब ला, ब ने क ला, क ने परत अ ला.

मग वेळ बघा. आमच्या ठगाच्या तेविसांपैकी नऊ रेटिंग रात्री दहा ते अकरा या तासातली होती. त्यानंतर भाषा: तीच चूक, तीच इमोजी, तोच शब्दक्रम.

एका माणसाने अनेक खोटी खाती काढून मतदान करायचं, याला संगणकवाले 'सिबिल हल्ला' म्हणतात. हे नाव ऐकून आमच्या एका सहकाऱ्याला वाटलं की बँकेत कर्ज मागताना बघतात तो सिबिल स्कोअर. त्याचा याच्याशी संबंध नाही. मायक्रोसॉफ्टच्या एका संशोधकाने २००२ मध्ये यावर लिहिलं आणि दाखवलं की ओळख तपासणारा कुणीतरी मधे नसेल तर हा प्रकार पूर्णपणे रोखणं जवळपास अशक्य आहे. तालुक्याच्या बाजारात तो मधला माणूस तुम्ही.

पण कागदावर रिंगण दिसलं की लगेच कुणाला चोर ठरवू नका. आमच्याकडून हे झालंय. रावेर-यावल पट्ट्यात एका गावात अर्धे पाटील, उरलेले चौधरी आणि महाजन. आडनाव एक म्हणजे नातेवाईक नव्हे. बचत गटाच्या सात बायका एकाच फोनवरून फॉर्म भरतात, मग वेळही एक आणि चुकाही त्याच. आम्ही उडदाचे पापड विकणाऱ्या एका ताईंची पत यावरून गोठवली होती. त्या दुकानात आल्या आणि गटाचं रजिस्टर टेबलावर ठेवलं, सातही सह्या वेगळ्या. माफी मागितली आणि त्या दिवसापासून नियम केला: आधी फोन, मग भेट, मग निर्णय, आणि निर्णय तिघांचा.

९. नवा नंबर, जुनी पत

बदनाम झालेला माणूस नवं सिम घेऊन परत येतो. दोन जामिनांच्या नियमामुळे तो दारातच अडतो, म्हणून तो नियम कधी ढिला करू नका. उलटंही होतं. बंद पडलेला मोबाइल नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्या कुणाला देते, आणि तो नंबर यादीत चांगल्या नावाने असतो. पत नंबराला जोडू नका, माणसाला जोडा. सहा महिन्यांत व्यवहार नसलेल्या विक्रेत्याची ओळख पहिल्या पायरीपासून पुन्हा तपासा.

१०. पाकिटातली चिठ्ठी आणि तुमचा स्वतःचा माल

'चांगलं लिहा, पन्नास रुपये परत देऊ' अशी चिठ्ठी मालात सापडली तर त्या विक्रेत्याची त्या महिन्यातली सगळी उत्तरं यादीतून काढायची. सूट द्यायचीच असेल तर सगळ्यांना द्या, लिहिण्याशी जोडू नका. 'तुमचा ग्रुप वाढवून देतो, महिन्याला दोनशे रिव्ह्यू' म्हणणारे फोन मलाही येतात. ते नंबर मी ग्रुपवरच टाकतो.

आता अवघड भाग. मी स्वतः मोटारी विकतो आणि यादीही मीच ठेवतो. लोकांना शंका येणारच, आणि ती रास्त आहे. म्हणून माझ्या मोटारींची उत्तरं माझ्याकडे येत नाहीत, यावलचा सहकारी बघतो. तुमचंही दुकान असेल तर हे पहिल्या दिवसापासून करा.

११. कायदा, थोडक्यात

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचं भासवून आपल्या मालाबद्दल अभिप्राय लिहायला मनाई आहे. ई-कॉमर्स चालवणाऱ्याने तक्रार अधिकारी नेमायचा, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, हेही त्यातच आहे. जो माणूस नेहमीचा धंदा म्हणून करत नाही, त्याच्या वैयक्तिक व्यवहाराला ते लागू नाहीत. तुम्ही कमिशन घ्यायला लागलात की मात्र तुमच्या सीएला विचारूनच पुढे जा. आम्ही कमिशन घेत नाही, तरी ४८ तासांचा नियम पाळतो.

भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. ते ऐच्छिक आहे. लिहिणाऱ्याची ओळख कशी पटवायची, अभिप्राय कसे तपासायचे याचे मार्ग त्यात आहेत. एकदा चाळून बघा, आपण काय विसरलो ते कळतं.

१२. फसवणूक झालीच तर

त्याला ग्रुपातून काढू नका! मी रागात पहिलं तेच केलं. तो सावध झाला आणि त्याने आपले मेसेज जमतील तेवढे पुसले. आधी चॅट एक्स्पोर्ट करा, जाहिरातीचे आणि प्रोफाइलचे स्क्रीनशॉट घ्या, रेटिंगच्या शीटची प्रत काढा.

ज्याचे पैसे गेले त्याने स्वतः १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, तासांत, दिवसांत नव्हे. हाताशी ठेवा: रक्कम, वेळ, बारा आकडी संदर्भ क्रमांक, आपली बँक, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि मोबाइल नंबर. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार आणि जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या ठाण्यात अर्ज. माल मिळाला पण भलताच मिळाला, असं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

ग्रुपवर लिहिताना 'चोर', 'भामटा' लिहू नका, उद्या तुमच्यावरच मानहानीची नोटीस येईल. 'अमुक तारखेला अमुक रक्कम घेतली, माल आलेला नाही, फोन बंद आहे, नवे व्यवहार थांबवले आहेत' एवढंच. जामिनांना त्याच दिवशी फोन करा. आमच्या वेळी जामीन नव्हते.

त्या तिघांपैकी शिरपूरच्या शेतकऱ्याने त्याच संध्याकाळी १९३० ला फोन केला होता. त्याच्या पैशांपैकी ९,००० रुपये बँकेने रोखून धरले, आणि कोर्टाचा आदेश घेऊन ते सात महिन्यांनी त्याच्या खात्यात आले. माझ्या मित्राने आणि तिसऱ्याने 'आज-उद्या फोन लागेल' म्हणत चार दिवस वाट पाहिली. तोवर खातं रिकामं झालं होतं.